लग्न कोणी लावायचे? ग्रामजोशाच्या वतनापासून नोंदणीच्या रकान्यापर्यंत

लग्न कोणी लावायचे, हा प्रश्न दीडशे वर्षांपूर्वीच्या मराठी खेड्यात कोणाला पडत नसे. सोयरीक कुठे करायची, देणेघेणे किती, मानपान कोणाचा, पंगती किती उठवायच्या, यावर महिनोन्‌महिने खल होई. पण बोहल्याशेजारी उभे राहून मंगलाष्टके कोण म्हणणार, हे लग्न ठरण्याच्या आधीच ठरलेले असे. गावचा जोशी म्हणणार. त्याला मंत्र धड येतात की नाही, त्याचे आणि वरपित्याचे जमते की नाही, या गोष्टींना काही किंमत नव्हती, कारण जोशीपण हे वतन होते.

वतन म्हणजे काय हे आजच्या वाचकाला थोडे उलगडून सांगावे लागेल. पाटीलकी, कुलकर्ण अशीच जोशीपणाची वृत्ती बापाकडून मुलाकडे जाई. भाऊबंदांत तिच्या वाटण्या होत, ती गहाण पडे, विकलीही जाई. पंचांग सांगणे, मुहूर्त काढून देणे, लग्न-मुंज-श्राद्धाचे विधी करणे हे तिचे काम आणि त्याबद्दलची दक्षिणा हा तिचा हक्क. ब्रिटिश अमलात मुंबईच्या कोर्टांनी या वंशपरंपरागत वृत्तीला स्थावर मिळकतीच्या रांगेत बसवले. त्याचा परिणाम मोठा चमत्कारिक झाला. गावच्या जोशाला टाळून यजमानाने परगावचा भटजी आणला, तर वतनदार जोशी कोर्टात जाऊन आपली बुडालेली दक्षिणा मागू शके, आणि असे दावे तो जिंकतही असे. म्हणजे ज्याने लग्न लावले त्यालाही द्या आणि ज्याने लावले नाही त्यालाही द्या! कुणब्याच्या लग्नातील भटजी हा एका अर्थाने त्याच्या घरावर बसवलेला बोजाच होता, शेतावर सावकाराचा असतो तसा.

सत्यशोधक विवाहाविषयी आपल्याकडे लिहिले जाते तेव्हा बहुधा हुंडा नाही, थाट नाही, मुहूर्त नाही, या ‘नाहीं’ची यादी दिली जाते. ती खोटी नाही. पण माझ्या मते त्या विवाहाचा गाभा या एका प्रश्नात आहे: दोन माणसे आता नवरा-बायको झाली, हे म्हणण्याचा अधिकार कोणाचा? जोतीरावांनी या प्रश्नाचे जे उत्तर दिले ते त्यांच्या अनुयायांनाही पुरते पेलले नाही आणि आपल्या कायद्यालाही अजून नीट उमगलेले नाही, असे मला वाटते. ते कसे, हे या लेखात मांडायचे आहे.

सत्यशोधक समाजाची स्थापना पुण्यात २४ सप्टेंबर १८७३ रोजी झाली. त्यानंतर अवघ्या तीन महिन्यांनी, २५ डिसेंबर १८७३ रोजी, सीताराम जबाजी आल्हाट आणि राधा निंबणकर यांचे लग्न भटजीवाचून लागले. वधूची आई बजूबाई ही सावित्रीबाईंची मैत्रीण. या लग्नात सावित्रीबाईंनी स्वतः पुढाकार घेतला आणि खर्च पानसुपारीपलीकडे फारसा झाला नाही. पुढच्याच वर्षी ज्ञानोबा ससाणे यांचे दुसरे लग्न लागले. याच हडपसरच्या ससाण्यांच्या मुलीशी पुढे ४ फेब्रुवारी १८८९ रोजी यशवंताचे, म्हणजे जोतीराव-सावित्रीबाईंच्या दत्तक मुलाचे, लग्न झाले आणि तेही सत्यशोधक पद्धतीने. लोकांच्या मुलांवर प्रयोग करायचा आणि स्वतःच्या मुलाचे लग्न मात्र गुपचूप रीतीप्रमाणे उरकायचे, हा सुधारकांचा जुना रोग या घरात शिरला नाही.

आता ही लग्ने लावली कोणी? याचे उत्तर जोतीरावांच्या १८८७ सालच्या पुस्तिकेत सापडते. ‘सत्यशोधक समाजोक्त मंगलाष्टकांसह सर्व पूजाविधी’ असे तिचे लांबलचक नाव. त्यातली मंगलाष्टके वाचताना पहिल्याच वाचनात एक गोष्ट लक्षात येते. रूढ मंगलाष्टके भटजी म्हणतो. नवरा-नवरी अंतरपाटाच्या दोन बाजूंना गप्प उभी असतात, आणि जे म्हटले जाते ते त्यांना बहुतेक कळतही नाही. जोतीरावांची मंगलाष्टके नवरा आणि नवरी यांच्याच तोंडी घातलेली आहेत. एक कडवे त्याचे, एक तिचे. मराठीत. नवरी त्यात लाजून होकार देत नाही. स्त्रियांना स्वातंत्र्य कसे असते ते माहीतच नाही, ही तक्रार ती भर मांडवात मांडते आणि स्त्रीचा हक्क मान्य करण्याची शपथ त्याच्याकडून मागते. तो ती देतो. मग जमलेले लोक आशीर्वाद देतात.

भटजीला काढून त्याच्या जागी दुसरा कोणी आणावा, असे जोतीरावांनी केले नाही. त्यांनी ती जागाच रिकामी केली. लग्न लावणारा कोणी उरलाच नाही. दोघे एकमेकांना शब्द देतात आणि बाकीचे ऐकतात. लग्न ‘लावले’ जात नाही, ते ‘केले’ जाते. मराठीत आपण ही दोन्ही क्रियापदे सर्रास वापरतो आणि त्यांतला फरक विसरतो.

इथे एक खुलासा करायला हवा. सत्यशोधक विवाह हा निरीश्वरवादी विवाह नव्हे. जोतीरावांचा निर्मीक त्यात आहे, त्याची प्रार्थना आहे, कुलस्वामीचे स्मरणही आहे. आजचे विवेकवादी कार्यकर्ते हा भाग गाळतात किंवा बदलून घेतात आणि तसे करण्याचा त्यांना हक्क आहे. पण इतिहास लिहिताना १८७३ च्या माणसांना आपल्या आजच्या मापाचे कपडे घालू नयेत. त्यांनी देव नाकारला नाही, देव आणि माणूस यांच्यामधला दलाल नाकारला. त्याचबरोबर, लग्नाची वैधता धर्माधिकाऱ्याच्या हातून काढून घेण्याची सुरुवात आपल्या मातीत इथूनच झाली, हेही खरे.

योगायोग असा की त्याच्या एकच वर्ष आधी सरकारनेही याच प्रश्नाला एक उत्तर दिले होते. ब्राह्मो समाजाच्या केशवचंद्र सेनांच्या खटपटीतून १८७२ चा तिसरा कायदा आला. त्यात लग्न रजिस्ट्रार आणि तीन साक्षीदार यांच्यासमोर होई. विधी कोणताही करा, कायद्याला त्याचे सोयरसुतक नव्हते. अट एकच होती. ‘मी तुला कायदेशीर पत्नी म्हणून स्वीकारतो’, ‘मी तुला कायदेशीर पती म्हणून स्वीकारते’, अशा आशयाचे वाक्य दोघांनी एकमेकांना उद्देशून, रजिस्ट्रार आणि साक्षीदारांना ऐकू जाईल असे म्हणायचे. नीट पाहिले तर रजिस्ट्रार इथे लग्न लावत नाही. तो श्रोता आहे. कलकत्त्याच्या सुधारकांसाठी इंग्रज कायदेपंडितांनी घडवलेला हा विधी आणि पुण्याच्या फुल्यांनी माळी-कुणब्यांसाठी रचलेला विधी, दोघांची रचना आतून एकच निघते: बोलणारे दोघे, ऐकणारे बाकीचे.

मग सत्यशोधकांनी सरळ त्या कायद्याखाली लग्ने का लावली नाहीत? कारण त्या कायद्यात एक मेख होती. आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, पारशी, ज्यू, बौद्ध, शीख, जैन यांपैकी कोणत्याही धर्माचे नाही, असे दोघांनाही लिहून द्यावे लागे. गावकीत राहणाऱ्या, देवाची तळी उचलणाऱ्या, भावकीच्या जमिनीत वाटा असणाऱ्या कुणब्याने असे का लिहून द्यावे? हिंदूंना असे न नाकारता त्या कायद्याखाली लग्न करता येण्याची सोय मध्य प्रांतातील हरिसिंग गौर यांच्या प्रयत्नाने १९२३ साली झाली. तोवर पन्नास वर्षे उलटली होती. शिवाय रजिस्ट्रार शहरात बसणार. ग्रामजोशी मात्र वेशीच्या आत, शेजारच्या आळीत होता, आणि भांडण त्याच्याशी होते.

ते भांडण पेटले जुन्नर तालुक्यातल्या ओतूरला. १८८४ साली बाळाजी कुसाजी पाटील यांनी आपल्या घरचे लग्न जोशाला न बोलावता सत्यशोधक पद्धतीने लावले. जोशांनी दावा ठोकला. जुन्नरच्या कोर्टापासून निघालेला हा दावा मुंबई हायकोर्टापर्यंत चढत गेला आणि त्या काळच्या लॉ रिपोर्टांत छापूनही आला. वकिली भाषेत मुद्दा असा होता की, विशिष्ट माणसाकडूनच धार्मिक विधी करून घ्यायला कोर्ट यजमानाला भाग पाडू शकते काय? साध्या मराठीत तो असा: माझ्या मुलीच्या लग्नात कोण उभे राहणार हे ठरवणारा मी, की जोशाचा पणजा? अखेर भटजीवाचून लग्न लावण्याची पाटलांची मोकळीक टिकली.

मला या खटल्यात बाळाजी पाटलांइतकेच कौतुक ओतूरच्या इतर कुणब्यांचे वाटते. पाटील हा निदान पाटील होता, त्याच्याजवळ कोर्टकचेरीला पैसा होता. पण लग्न झालेल्या त्या मुलांचे काय? आपले लग्न ‘खरे’ की नाही, हे कोर्टाच्या तारखांवर लटकत असताना त्यांनी संसार केला. ‘तुमचं लग्न लागलंच नाही’ हे वाक्य पाणवठ्यावर ऐकणे म्हणजे काय असते, याची कल्पना दप्तरातल्या कागदांवरून येत नाही.

हा झाला लढ्याचा उजळ भाग. पुढे चळवळ फोफावली तशी तिच्यात एक फाटा फुटला. तो फारसा चर्चिला जात नाही, म्हणून त्यावर जरा रेंगाळतो.

कोल्हापुरात १८९९ च्या सुमारास वेदोक्त प्रकरण उद्‌भवले. पंचगंगेवर कार्तिक स्नानाच्या वेळी राजपुरोहित छत्रपतींसाठी पुराणोक्त मंत्र म्हणतो, वेदोक्त म्हणत नाही, कारण तो त्यांना क्षत्रिय मानत नाही, यावरून ठिणगी पडली. शाहू महाराजांनी तो अपमान गिळला नाही. १९११ साली कोल्हापुरात सत्यशोधक समाज उभा राहिला आणि ब्राह्मणेतर तरुणांना विधी शिकवून पुरोहित म्हणून तयार करण्याची शाळाही निघाली. भास्करराव जाधव यांनी ‘घरचा पुरोहित’ हे पुस्तक लिहिले. १९२० साली तर महाराजांनी सदाशिव लक्ष्मण पाटील बेनाडीकर यांना क्षात्रजगद्‌गुरू म्हणून पीठावर बसवले. मराठ्यांची लग्ने मराठा पुरोहित लावू लागले.

सामाजिकदृष्ट्या हे पाऊल लहान नव्हते. ज्याच्या हातचे तीर्थही चालत नव्हते त्याने मांडवात मध्यभागी उभे राहून मंत्र म्हणावेत, याचा त्या काळात काय धक्का बसला असेल! शाहू महाराजांपुढे व्यवहाराचा प्रश्न होता. हजारो खेड्यांतली लाखो कुटुंबे एका रात्रीत भटजीवाचून लग्न लावायला तयार होत नाहीत. त्यांना कोणीतरी ‘आपला’ माणूस हवा असतो, ज्याच्या उपस्थितीने लग्न लागल्यासारखे वाटेल. तो त्यांनी दिला.

पण फुल्यांच्या १८८७ च्या पुस्तिकेशेजारी हे ठेवून पाहा. फुल्यांनी रिकामी केलेली जागा इथे पुन्हा भरली. माणूस बदलला, जात बदलली, पण बोलणारा पुन्हा तिसराच, आणि दोघे पुन्हा गप्प. ‘घरचा पुरोहित’ या नावात मात्र एक वेगळी वाट दडलेली होती: घरातल्याच कोणी वडीलधाऱ्याने पुस्तक हाती घेऊन विधी करावा. त्या वाटेने मराठा समाज फार गेला नाही. पुस्तक मागे पडले आणि पुन्हा पेशेवाईक पुरोहित आला. आज पश्चिम महाराष्ट्रातल्या मोठ्या मराठा लग्नांत कोण मंगलाष्टके म्हणतो, हे मी सांगायची गरज नाही. माईकवर म्हणतो, एवढाच फरक.

जोशाच्या दक्षिणेचा कायदेशीर हक्क मोडला तो विधिमंडळात. मुंबई कायदे कौन्सिलात १९२३ साली सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मांडणारे रावबहादूर सी. के. बोले यांचेच हे दुसरे काम. ज्याला विधीला बोलावलेच नाही त्याला दक्षिणा मागण्याचा हक्क नाही, असा कायदा १९२६ साली झाला. ओतूरच्या लग्नापासून बेचाळीस वर्षांनी. बोल्यांचे नाव आपण महाडच्या चवदार तळ्याच्या संदर्भात घेतो, आणि ते योग्यच आहे. पण खेड्यातल्या लग्नघराची सुटका करणारे म्हणूनही ते लक्षात राहायला हवेत.

तर १९२६ नंतर जोशाला बोलावण्याची सक्ती उरली नाही. आता प्रश्न उलटा झाला. जोशाला बोलावले नाही तर लग्न लागते का?

हिंदू विवाह कायदा १९५५ सालचा. त्याचे सातवे कलम म्हणते की दोघांपैकी कोणा एकाच्या रूढीतील विधींनी लग्न लावावे, आणि त्या विधींत सप्तपदी असेल तर सातवे पाऊल पडताच लग्न पूर्ण होते. पुरोहित हा शब्द त्यात नाही. पण ‘रूढी’ हा शब्द आहे, आणि रूढी कोणती हे शेवटी कोर्ट ठरवते. १९६५ साली महाराष्ट्रातला एक खटला सर्वोच्च न्यायालयात पोचला. एका माणसाने पहिली बायको असताना दुसरे लग्न केले, म्हणून त्याला खालच्या कोर्टांत शिक्षा झालेली. दुसरे लग्न गांधर्व पद्धतीने झाले होते. रात्रीची वेळ, दोन पाट मांडलेले, तांब्याची पूजा, पाने आणि नारळ, एकमेकांना हार, आणि मग दोघांच्या कपाळाला कपाळ लावले. भटजी नव्हता, न्हावीही नव्हता. आमच्याकडे अलीकडे असेच चालते, अशी साक्षही झाली. न्यायालयाने म्हटले की होमाग्नी आणि सप्तपदी झाली नाही, आणि रूढीने हे विधी गळाले असे सिद्ध झालेले नाही. पाच-सात वर्षांच्या वागण्याने रूढी बनत नाही. म्हणून हे लग्नच नव्हे, आणि लग्न नाही म्हणून द्विभार्येचा गुन्हाही नाही. माणूस सुटला.

या निकालाने दोन बायकांचे काय झाले पाहा. पहिलीची फिर्याद गेली. दुसरी तर बायकोच ठरली नाही. विधी अपुरा पडला त्याची किंमत विधी करणाऱ्या पुरुषाने मोजली नाही. म्हणूनच हा सगळा विषय केवळ पुरोगामी हौसेचा नाही. लग्न कोणासमोर झाले, कोणत्या शब्दांत झाले आणि ते नंतर कोण साक्षीने सांगू शकेल, यावर बाईची पोटगी, वारसा आणि मुलांचे नाव अवलंबून असते.

हाच अनुभव तमिळ प्रदेशाने अधिक कडू रीतीने घेतला आणि त्यावर इलाजही केला, म्हणून थोडे तिकडे पाहू. पेरियार रामस्वामींच्या स्वाभिमान चळवळीने १९२० च्या दशकाअखेरीस पुरोहिताविना लग्ने लावायला सुरुवात केली. फुल्यांच्या नंतर पन्नासएक वर्षांनी, पण झपाट्याने आणि हजारोंच्या संख्येने. चळवळीचा एखादा पुढारी अध्यक्षस्थानी बसे, भाषणे होत, दोघे हार घालून संमती जाहीर करीत. १९३४ साली असे झालेले एक लग्न १९५३ साली मद्रास हायकोर्टाने अवैध ठरवले. चळवळीतल्या असंख्य संसारांच्या पायाखालची जमीन त्या निकालाने सरकली. पुढे अण्णादुराई मुख्यमंत्री झाले आणि १९६७ साली त्यांच्या सरकारने हिंदू विवाह कायद्यात सात-अ हे कलम घातले. नातेवाईक, मित्र किंवा इतर कोणाही व्यक्तींच्या उपस्थितीत दोघांनी त्यांना समजणाऱ्या भाषेत एकमेकांना स्वीकारल्याचे म्हणावे, किंवा हार घालावा, अंगठी घालावी, ताली बांधावी. झाले लग्न. पुरोहिताची गरज नाही असे त्या कलमात स्पष्ट लिहिले आहे, आणि आधी झालेली तशी लग्नेही त्याने वैध ठरवली.

त्यातल्या ‘इतर व्यक्ती’ कोण, यावरही वाद झालाच. वकिलाच्या कचेरीत चार माणसांत लावलेले लग्न चालणार नाही, असे मद्रास हायकोर्टाने २०१४ साली म्हटले होते. सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑगस्ट २०२३ रोजी ते मत रद्द केले. घरच्यांच्या धाकाने पळून आलेल्या जोडप्याला जाहीर समारंभ करायला लावणे म्हणजे त्यांचा जीव धोक्यात घालणे होय, आणि वकीलही मित्र म्हणून साक्षीला उभा राहू शकतो, असा त्याचा आशय. उपस्थित माणसे श्रोते आहेत, कर्ते नाहीत, हे तत्त्व त्या निकालात पुन्हा दिसते.

पुढाऱ्याला अध्यक्ष करण्याच्या पद्धतीबद्दल मात्र मला शंका आहे, आणि ती महाराष्ट्रालाही लागू आहे. आपल्याकडचे कितीतरी सत्यशोधक विवाह मी पाहिले आहेत. काहींत मांडवात मंच असतो, मंचावर पाच-सहा खुर्च्या, फुल्यांच्या प्रतिमेला हार, आणि मग पाऊण तास भाषणे. नवरा-नवरी घामाने भिजून उभी. शपथ वाचायची वेळ येते तेव्हा वक्ता ती मोठ्याने वाचतो आणि दोघे त्याच्यामागून पुटपुटतात. भटजीचे संस्कृत गेले आणि कार्यकर्त्याची प्रमाण मराठी आली. लग्न लावणाऱ्याची जागा रिकामी ठेवणे भल्याभल्यांना जमत नाही.

पण ते जमलेलेही मी पाहिले आहे. आमच्या नात्यातल्या एका लग्नात कोणाला उभे करायचे यावर आठवडाभर चर्चा चालली होती. मुलाच्या वडिलांना तालुक्याचे एक पुढारी हवे होते, मुलीच्या मामाला निवृत्त हेडमास्तर. शेवटी मुलगीच म्हणाली, ‘आत्याला उभी करा.’ आत्या तरुणपणीच विधवा झालेली. भाच्याभाच्यांच्या हळदीला ती आयुष्यभर मागच्या दाराशी थांबलेली. तिला विचारले तेव्हा तिने आधी भावाकडे पाहिले आणि विचारले, ‘दादा, चालंल का रं मी?’ तिने त्या दिवशी केले ते एवढेच: दोघांना समोरासमोर उभे केले, कागद त्यांच्या हातात दिले आणि ‘म्हणा आता’ म्हणून बाजूला सरकली. कागद त्यांनी स्वतः लिहिलेले होते. सगळे मिळून दहा मिनिटे लागली नसतील. जोतीरावांच्या पुस्तिकेतल्या रचनेच्या इतके जवळ जाणारे लग्न मी दुसरे पाहिलेले नाही, आणि त्या घरात ती पुस्तिका कोणी वाचलेली नव्हती.

लग्नानंतरची गोष्टही सांगण्यासारखी आहे. आपल्या राज्यात विवाह नोंदणीचा जो अर्ज भरतात त्यात वर, वधू आणि तीन साक्षीदार यांच्याबरोबर पुरोहिताचे नाव, पत्ता आणि सही यांसाठी जागा असते. सत्यशोधक लग्न केलेली जोडपी या रकान्यापाशी अडखळतात. कोणी कार्यकर्त्याचे नाव लिहितो, कोणी मित्राचे. आत्याने तिथे स्वतःचे नाव लिहून सही केली. खिडकीतल्या कारकुनाने अर्ज वाचला, चष्म्यावरून तिच्याकडे पाहिले, ‘भटजी कुठे आहेत?’ म्हणून विचारले आणि ‘हे काय, मीच!’ हे उत्तर ऐकून शिक्का मारला.

शिक्का मिळाला म्हणजे सगळे मिळाले असे मात्र नाही. विधी झाला नसेल तर हिंदू विवाह कायद्याखालचे नुसते प्रमाणपत्र लग्न ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली बजावले आहे. म्हणून जाणती जोडपी आज १९५४ च्या विशेष विवाह कायद्याचा आधार घेतात. तीस दिवसांची नोटीस, तीन साक्षीदार, आणि १८७२ पासून चालत आलेले तेच वाक्य. या कायद्यातही विधी कोणताही चालतो. विवाह अधिकारी जादा फी घेऊन वाजवी अंतरावरच्या मांडवात येऊ शकतो, म्हणजे फुल्यांची मंगलाष्टके आणि सरकारी वाक्य एकाच वेळी म्हणता येतील अशी सोय आहे. व्यवहारात लोक कचेरीत जाऊन सह्या करतात आणि मांडवातला कार्यक्रम दुसऱ्या दिवशी करतात. मग नक्की लग्न कोणत्या दिवशी झाले, असे नातवंडे विचारतील तेव्हा दोन तारखा सांगाव्या लागतील. शिवाय त्या तीस दिवसांच्या जाहीर नोटिशीत, घरच्यांचा विरोध असलेल्या जोडप्याचा जीव टांगणीला लागतो तो वेगळाच.

तमिळनाडूपुढे नसलेला एक युक्तिवाद महाराष्ट्रापाशी आहे, असे मला वाटते. पाच-सात वर्षांची रूढी ही रूढी नव्हे, हे १९६५ च्या न्यायालयाने म्हटले ते ठीक. पण पुणे, जुन्नर, नगर, कोल्हापूर भागांतील कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या लागत आलेल्या लग्नांना रूढी म्हणायचे नाही तर कशाला म्हणायचे? प्रत्येक जोडप्याने ही रूढी स्वतःच्या खर्चाने कोर्टात सिद्ध करावी, अशी अपेक्षा ठेवण्यापेक्षा विधानसभेला सात-अ सारखी दुरुस्ती करता येते. विवाह हा समवर्ती सूचीतला विषय असल्याने राज्याला तो अधिकार आहे, आणि मद्रासने तो वापरून दाखवला आहे.

सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूच्या त्या कलमाचा अर्थ स्पष्ट केला ते २०२३ साल. त्याच वर्षी २५ डिसेंबरला पुण्यातल्या पहिल्या सत्यशोधक लग्नाला दीडशे वर्षे झाली. महाराष्ट्राच्या कायद्यात तसे कलम तेव्हा नव्हते, आजही नाही.